लिटरवरचं इंटरनेट

आमच्या शिक्रापुरात दत्तोबा इंटरनेट लिटरवर विकतो. जीबी हा शब्द त्याला येतो, पण तो वापरत नाही. "आक्का, ह्या म्हैन्यात अठरा लिटर पिलात," असं तो मला सगळ्या आळीसमोर सांगतो. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी भलतंच काहीतरी पिते.

तीस वर्षं तो दूध डेअरीत माप घेत होता. सकाळी कॅन, संध्याकाळी कॅन, मधल्या वेळात फॅटवरून भांडणं. बायको घरात एकटी असताना वारली, तीही माप घ्यायच्या वेळेला. त्याला कळलं ते कॅन धुऊन घरी आल्यावर. पुढं दोन्ही मुलं पुण्याला गेली, डेअरी सुटली आणि रिकाम्या माणसानं केबलचा धंदा घेतला. केबलमागून इंटरनेट आलं. माप मात्र डेअरीचंच राहिलं.

वरच्या कंपनीकडून तो एक मोठी लाईन घेतो आणि दीडशे घरांत वाटतो. आधी सगळ्यांना एकच दर होता, पण दत्तोबाला ते बघवेना. मला म्हणाला, "तुम्ही दुपारी एक रेसिपी बघणार, तुमची भाडेकरू पोरं घागरीनं पिच्चर रिचवणार, आन् पैशे दोघांला सारखंच? डेअरीत असं केलं असतं तर लोकांनी माझं टाळकं फोडलं असतं."

मग त्यानं दरपत्रक लिहून दुकानाच्या दाराला चिकटवलं. दहा लिटरपर्यंत शेळी, पन्नासपर्यंत गाय, त्याच्यावर म्हैस. म्हशीला लिटरमागं दर जास्त. अठरा लिटरमुळे मी गायीत बसते. ह्या वयात एवढा मान मिळाला, अजून काय पाहिजे.

नेट रखडलं म्हणून कुणी बोलावलं, तर हा भिंतीवरच्या डबीला कॅनवर माराव्यात तशा दोन टिचक्या मारतो, कान लावून ऐकतो आणि म्हणतो, "वरूनच पातळ आलंय. कंपनीनं पाणी घातलंय." आणि छत्री उचलून चालायला लागतो. छत्री बारा महिने बरोबर असते.

माझ्या आठ खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. सगळ्या म्हशी. त्यातला एक बिहारचा पोरगा भात शिजेपर्यंत फोन डब्याला टेकवून आईशी बोलत बसायचा. तो एकदा म्हणाला, "चाचा, मीटर बहुत भागता है." दत्तोबा म्हणाला, "तू बघतो बहुत." त्याचं हिंदी तेवढंच.

अशात हायवेला दुसऱ्या कंपनीचा बोर्ड लागला. महिनाभर कितीही वापरा, दर एकच. पहिल्याच महिन्यात दीडशेतली निम्मी घरं तिकडं गेली. माझी भाडेकरू पोरंही मागं लागली. भिडेखातर तोट्यात जाणारी मी नव्हे. दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं, "दत्तोबा, सगळ्यांना एकच दर कर. न्हाईतर एक तारखेपासनं माझं घर आन् आठ खोल्या तिकडं."

"एकच दर केल्यावर मोजायचं कशाला?" तो म्हणाला.

"नको मोजूस. कोन म्हणतंय तुला मोज?"

"मग कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

मोबाईलवर घराघराचे आकडे पळत होते, तो ते बघत बसला. दारावरच्या एका कागदापायी हा उरलेली घरंही घालवणार, असं म्हणून मी घरी आले.

चार दिवसांनी दुपारी न्हाणीत माझा पाय घसरला. कंबरेत अशी कळ आली की उठता येईना. पोरं कारखान्यात. हाका मारून घसा बसला, पण हायवेच्या ट्रकांपुढं म्हातारीचा आवाज कुठवर जाणार? तासाभरानं मागच्या दाराची कडी खळखळली. दत्तोबा आत आला आणि न्हाणीबाहेर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"दोनला तुमची रेसिपी चालू असती रोज. आज आकडा हललाच न्हाई."

"म्हणून दार मोडलंस?"

"छत्रीनं कडी काढली नुसती. अंगावर पातळ नीट हाय का? येऊ का आत?"

रिक्षात घालून त्यानं मला दवाखान्यात नेलं. हाड शाबूत निघालं. परत येताना मी विचारलं, "सगळ्यांची घरं अशीच राखतोस व्हय?"

"सगळी न्हाई. एकटी माणसं तेवढी. अकरा हायत. आकडा थांबला की जाऊन बघतो. बऱ्याच येळा लाईट गेल्याली असती."

"मग बघ की. त्याला लिटरचा दर कशाला?"

"फुकट बघितलं तर लोक म्हणत्यात, म्हातारा घरात डोकावतोय. मापावर बिल लावलं की कोन काय म्हणत न्हाई."

एक तारखेला मी आठही खोल्या नव्या कंपनीला दिल्या. धंदा तो धंदा. माझं घर मात्र त्याच्याकडं ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गाय झाले, ते पद कशाला सोडा.

पण एक हिशेब मला जमेना. अकरा घरं दत्तोबा बघतो. बारावं, त्याचं स्वतःचं, कोण बघतं? त्याच्या मुलांना फोनवर एकाच दरात कितीही बोलता येतं, पण फोन येतो महिन्यातून एकदा. म्हणून आता रोज सकाळी नऊला मी त्याला फोन लावते आणि म्हणते, "बिलात चूक हाय." तो चष्मा शोधतो, कागद काढतो, सगळे आकडे वाचून दाखवतो आणि म्हणतो, "आक्का, चूक न्हाई." मी बरं म्हणून ठेवून देते. शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी बिल मला वाचता येतं.

परवा कंबर शेकत बसले आणि नऊ वाजून गेले. सव्वानऊला त्याचाच फोन आला.

"आक्का," तो म्हणाला, "आज चूक न्हाई का?"