पश्चिमेचा वारा, भिगवणचा फोन

रविवारी सकाळी हेमाताईंनी उशीखाली पाहिलं, देवघरात पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, शेवटी पिठाच्या डब्यातही हात घातला. फोन नव्हता. टेबलावर त्यांचा जुना फोन तेवढा साळसूदासारखा पडला होता.

"अहो, माझा फोन पाहिलात?"

"जिथं ठेवलास तिथंच असेल," श्रीधरराव पेपरामागून म्हणाले.

एवढ्यात केयूर आला. खराडीच्या कंपनीत पाच दिवस मान मोडून उरलेल्या वेळात हा मुलगा मित्रांबरोबर, रीतसर परवानगी काढून, हवामानाचे फुगे सोडायचा. फुगा ढगांपलीकडे जायचा, फुटायचा, आणि खालचा थर्माकोलचा डबा पॅराशूटनं अलगद उतरायचा. तो कुठं उतरेल हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम केयूरनं स्वतः लिहिला होता आणि आज पहाटे त्याची पहिली परीक्षा होती. डब्यात कॅमेरा होता, आणि उतरल्यावर ठावठिकाणा कळवायला आईचा जुना फोन.

केयूरची नजर टेबलावर गेली. जुना फोन तिथंच होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुझा फोन सापडला."

"कुठं?"

त्यानं छताकडे बोट दाखवलं.

"गच्चीवर?"

"अजून थोडा वर. दोन्ही फोन सारखेच दिसतात गं, अंधारात कळलं नाही."

हेमाताईंनी हातावरचं पीठ झटकलं. "अरे, आज दादाचा फोन यायचाय!"

दादा म्हणजे भिगवणचे बापूराव, त्यांचे थोरले भाऊ. लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ना दारात आले, ना कुंकू लावलं, ना हातावर अक्षत ठेवली. हेमाताई लग्नाला गेल्या नाहीत. का आली नाहीस, हे दादांनी विचारलं नाही. मग अबोला जो पाट मांडून बसला तो उठेचना. दारात तुळस डोलली तरी हेमाताईंना भिगवणकडून कुणी आल्यासारखं वाटे, आणि कुणी येत नसे. काल मात्र चुलतबहीण शालूनं कळवलं होतं, "दादा उद्या फोन करणारे. उचल बाई. पुन्हा करायचा नाही तो."

"घाबरू नकोस, डब्यावर नंबर लिहिलाय," केयूर म्हणाला. "ज्याला सापडेल तो फोन करेल."

"कुणाचा नंबर?"

"तुझाच. तू लगेच उचलतेस म्हणून."

श्रीधररावांनी पेपराची घडी घातली. "शाब्बास. म्हणजे डबा डब्यालाच फोन करणार."

प्रोग्रॅम म्हणत होता, डबा पश्चिमेला पौडजवळ उतरेल. तिघं गाडीतून पौडला गेले आणि एका माळावर माना वर करून उभे राहिले. घारी उतरल्या, डबा उतरेना. केयूरनं लॅपटॉप उघडला, वाऱ्याचे आकडे पुन्हा पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"आई, वारा पश्चिमेचा आहे."

"मग आलोय की पश्चिमेला."

"नाही ना! पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वारा जिथून निघतो तिथलं नाव लावतात त्याला. मी तो जिथं जातो तिथलं धरलं. डबा पूर्वेला गेलाय, दौंडच्या अंगाला."

"मी इतकी वर्षं पुण्यात नांदतेय, तरी तुझी आजी मला शेवटपर्यंत 'भिगवणची' म्हणायची," हेमाताई कडाडल्या. "वाऱ्याचं माहेर तेवढं विसरलास होय रे?"

श्रीधररावांनी आपल्या फोनवरून बायकोचा नंबर लावला. व्यस्त! आभाळात कोण कुणाशी बोलतंय, कळेना. पुन्हा लावला तेव्हा कुणी बाई बोलल्या.

"म्या गोदाबाई. कुरकुंभाच्या पुढं आमचं रान हाय. ह्यो डबा जवारीत पडलाय. त्यावरला नंबर लावला तर डबाच वाजाया लागला, म्या भ्यालेच! आन् आत्ता एका दादाचा फोन आल्ता."

हेमाताईंनी फोन हिसकावला. "काय म्हणाला दादा?"

"इचारलं, हेमा कुठं हाय? म्या म्हनलं, बाई काय दिसत न्हाई बा, समदं वरनं पडलंया. तर म्हनला, माझी हेमा वर गेली? आन् रडायाच लागला की! रान कुठं ते इचारलं आन् निघालोच म्हनला. म्या काय सांगायच्या आत—"

फोन बंद पडला. वरच्या थंडीनं बॅटरीनं मान टाकली असावी. बापूरावांचा नंबर त्या फोनखेरीज कुठंच नव्हता. श्रीधररावांनी आपल्याकडचा पत्नीच्या आज्ञेवरूनच खोडला होता.

गाडी पूर्वेला धावली. वाटेभर हेमाताई नवऱ्याच्या फोनवरून आपलाच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. दादाला सुनवायला जुळवलेली ठसकेबाज वाक्यं एकेक करून गळून गेली होती.

गोदाबाईंच्या बांधावर लाल पॅराशूट वाळवणासारखं पसरलं होतं. आणि पुरुषभर उंच ज्वारीत एक पांढरी टोपी इकडून तिकडे फिरत होती. "हेमे! अगं, ओ तरी दे!"

"दादा, मी इथं आहे. बांधावर."

ज्वारीची ताटं बाजूला सारत बापूराव बाहेर आले. पायात एकच चप्पल, सदऱ्यावर परागांची पिवळी धूळ. त्यांनी बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि ओरडले, "फोन काय आभाळात ठेवतात का गं?"

"तुझ्या भाच्याला विचार," हेमाताई म्हणाल्या.

दोघंही रडले, मग हसले, मग गोदाबाईंच्या घरचा गुळाचा चहा प्यायले. चहा संपता संपता बापूराव चाचरत म्हणाले, "राजनंदिनीला मुलगी झालीय. गुरुवारी बारसं आहे. तेच सांगायला फोन केला होता. आता समोरच आहेस, तर... येशील ना?"

गोदाबाई लगबगीनं कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. हेमाताईंनी पदर सारखा केला आणि थंडपणे म्हणाल्या, "आमंत्रण घरी येऊन करतात, दादा. हे गोदाबाईंचं शेत आहे."

श्रीधरराव आभाळाकडे पाहू लागले.

बापूरावांनी दुसरी चप्पल शोधली, गाडी काढली आणि भिगवणकडे पाठ करून ते बहिणीच्या मागोमाग निघाले, थेट बिबवेवाडीतल्या तिच्या घरापर्यंत. गाडी थांबताच हेमाताई उतरल्या, दोन दोन पायऱ्या चढत वर गेल्या आणि नवरा-मुलगा पोचायच्या आत त्यांनी आतून दार लावून घेतलं.

"आई, आम्ही बाहेरच आहोत!" केयूर म्हणाला.

"तुम्हाला कोण बोलावतंय? थांबा जरा."

जिन्यात धापा टाकणारी पावलं वाजली. दारापाशी थांबली. बेल वाजली.

"कोण आहे?" हेमाताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता दार उघडलं.