शिकाऊ मास्तर

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी ठरवलं ते अगदी साधं होतं. मुलीला फोन करायचा आणि विचारायचं, वॉशिंग मशीन कसं लावतात. (मशीन त्यांना उत्तम लावता येत होतं. घरी आणलं त्या दिवशी माहितीपुस्तक त्यांनीच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.)

मुलगी, म्हणजे बबडी, नुकतीच कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं असं चालायचं:

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो, बाबा."

"बरं मग."

"बरं."

की फोन बंद. मास्तर बराच वेळ फोनकडे बघत बसायचे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती, पण शेजारी बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. लाल ‘एल’ लावलेल्या त्या गाडीत शिकणारा जरा चुकला की मास्तरांचा पाय खाली गेलाच. बबडीलाही त्यांनी असंच वाढवलं. आता ती कुठे कशी निघाली होती कोण जाणे, आणि मास्तर इकडे सोफ्यावर बसून नुसतीच फरशी दाबत होते. असंच चाललं तर वर्षअखेरीला ते ‘बरं’सुद्धा उरणार नाही, असं त्यांना वाटायचं.

मशीनची युक्ती मात्र लागू पडली.

"बाबा, तुम्हाला मशीन लावता येत नाही?"

"तुझी आईच लावते ना गं नेहमी." (यात खोटं काहीच नव्हतं.)

बबडीनं सगळं समजावून सांगितलं. कपडे फिरेपर्यंत ती बोलत राहिली. खोलीतली मैत्रीण कशी घोरते, मेसमधलं पाणी कसं गरमच येतं, सगळं आलं त्यात. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. शेवटी तिनंच विचारलं, "धुतलेत खरे, पण इस्त्री येते का?"

"छे!" मास्तर इतक्या उत्साहानं म्हणाले की तिला हसू आलं.

इस्त्रीनंतर भात आला, भातानंतर उशांचे अभ्रे. मास्तरांची बायको नर्स होती. ड्यूटीवरून आली की ती घड्या घातलेले कपडे बघायची, भात बघायची आणि निवांत चहा प्यायची. हिला काही कळलेलं नाही, असं मास्तरांना वाटायचं.

पण मास्तर आता हावरे झाले होते. अडचण जेवढी मोठी, तेवढा फोन लांब, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून एका रविवारी त्यांनी मशीनमध्ये पावडरीऐवजी भांडी घासायचं लिक्विड ओतलं. अर्धी बाटली.

आधी झाकण उचललं गेलं. मग फेस बाहेर डोकावला, बाथरूमभर झाला आणि पॅसेजमध्ये आला. मास्तरांच्या चपला तरंगत दाराकडे निघाल्या. (मालकाच्या आधी त्यांनाच शहाणपण सुचलं.) खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गॅलरीतून ओरडले, "अहो, वरून काय पडतंय? आमची नात टाळ्या वाजवतेय!"

मास्तरांनी व्हिडिओ कॉल लावला. आता नाटक करायची गरजच नव्हती.

"बबडे! घर चाललं!"

"बाबा, थांबा. कशालाही हात लावू नका. आधी हात पुसा. पुसले? आता भिंतीवरचं बटण बंद करा. शाब्बास."

मास्तर ‘शाब्बास’ ऐकून जागच्या जागी उभे राहिले.

"आता मीठ आणा."

"किती?"

"चवीपुरतं नाही, बाबा! मूठभर फेका सगळीकडे."

फेस खरोखर बसायला लागला. मास्तर मीठ फेकताफेकता स्क्रीनकडे बघत होते. कालपर्यंत बाथरूममधून टॉवेलसाठी हाका मारणारी ही पोरगी! तिच्या हातात ब्रेक नव्हता, स्टिअरिंग नव्हतं. होता फक्त आवाज, आणि तोही जराही चढलेला नाही. मास्तर तिच्या जागी असते तर एव्हाना घसा बसला असता. हे आपल्या घरात कधी तयार झालं, त्यांना कळेना. त्यांचे डोळे भरून आले. (फेस गेला असावा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.)

"बबडे, मी मुद्दाम केलं गं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मशीन मला तुम्हीच शिकवलंत ना, इकडे यायच्या आधी!"

"मग एवढं सांगत का बसलीस?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून. मलाही वाटायचं, घरून कुणीतरी ‘जेवलीस का’ सोडून काहीतरी विचारावं."

मास्तरांनी मिठाची बरणी खाली ठेवत विचारलं, "पुढचा धडा कोणता?"

"आईला विचारून सांगते."

"आईला?"

"मग? भातापासूनचे सगळे तिनंच ठरवलेत."

तेवढ्यात बायको दारात आली. तिनं तरंगणाऱ्या चपला बघितल्या, मिठाची बरणी बघितली, नवरा बघितला. मग तशीच खाली गेली, मास्तरांच्या गाडीवरचा लाल ‘एल’ काढून आणला आणि मशीनवर चिकटवला.

फोनवर बबडी खदखदून हसली. "बाबा, सुट्टीत येऊन टेस्ट घेते. पास झालात तर एल काढू."

"आणि नापास झालो तर?" मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली.

"मग पुढच्या सुट्टीत पुन्हा यावं लागेल."

"मुद्दाम चुकायचं काही मनात आणू नका," पोछा पिळत बायको म्हणाली. "तुम्ही अगदी मन लावून परीक्षा द्या. तरीही पोरगी दर सुट्टीला येईल."