ब्रेकरवरचे साळुंखे सर

दिवाळीच्या सुट्टीत उंब्रजवरून आमच्या गावाकडे वळलात, तर शाळेच्या कोपऱ्यावर रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेला एक माणूस तुम्हाला दिसेल. गळ्यात शिट्टी, डोक्याला मफलर, डाव्या बाजूला उसाची मोळी आणि उजव्या हातात कोयता. घाबरू नका. ते आमचे साळुंखे सर. तुमची गाडी ब्रेकरवर हळू झाली की ते उठून खिडकीशी येतील आणि विचारतील, "समजा, आत्ता मधूनच एखादं पोरगं पळालं असतं, तर?" उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. उत्तर चुकतंच. मान हलवा आणि पुढे जा.

सरांनी जन्मभर आमच्या शाळेत गणित शिकवलं. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, आणि माझं घर नेमकं त्या ब्रेकरसमोर आहे, त्यामुळे सर मला शाळेतही होते आणि सुट्टीतही आहेत. "समजा" हा गणिताच्या माणसाच्या तोंडचा शब्द, त्यात नवल नाही. पण इतर मास्तर फळा पुसला की तो विसरतात. सर तो घरी घेऊन गेले. भाजी घेताना समजा, एसटीत चढताना समजा, कुणाच्या लग्नात जेवताना समजा. मांडवात आचाऱ्याला बाजूला घेऊन "समजा, ही कढई कलंडली, तर पंगत कुठल्या बाजूला पळणार?" असं विचारणारा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही.

तरुणपणी ते कऱ्हाडला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि सरांनी मुलीला विचारलं, "समजा, सकाळी उठलात आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. पहिल्यांदा काय कराल?" मुलगी म्हणाली, "वडिलांना हाक मारीन." सर म्हणाले, "चूक. खिडकी उघडायची." मुलगी आत गेली ती परत बाहेर आली नाही. पुढच्या दोन घरांतही हाच प्रश्न झाला. त्यानंतरच्या घरी प्रश्नाची कीर्ती आधीच पोचली होती, तिथे पोहेसुद्धा मिळाले नाहीत. सर बिनलग्नाचे राहिले ते राहिलेच. हे सगळं मला त्यांची धाकटी बहीण सुमनताई सांगायची आणि सांगताना पोट धरून हसायची. ती मिरजेला दिलेली. सरांना आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

सुट्टी लागायच्या दिवशी शेवटचा तास सर मागून घेत. पोरांचं अर्धं अंग दाराबाहेर असे, आणि सर दारात उभे.

"समजा, कुत्रं चावलं."

"सर, चुना लावायचा."

"मेलास. खाली बस. दुसरा सांगा."

"सर, साबण लावून नळाखाली धुवायचं, आन् मग दवाखान्यात सुई घ्यायची."

"जगलास. समजा, फटाका उडालाच नाही."

"जवळ जाऊन फुंकर मारायची!"

"डोळा गेला. पुढचा."

असं करत तास संपेपर्यंत निम्मा वर्ग मेलेला असे, उरलेला आंधळा-पांगळा, आणि घंटा झाली की सगळे ठणठणीत बरे होऊन घराकडे पळत. स्टाफरूममध्ये आम्ही हसत असू. हसण्यासारखंच होतं ते.

पण सरांचा जीव खरा टांगणीला लागायचा तो उसाच्या ट्रॉल्यांनी. दिवाळीच्या तोंडावर कारखाने सुरू होतात आणि आमच्या रस्त्याने दिवसभर ट्रॅक्टर धावतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्णा लावून गाणी. मागे माणूस ओरडला काय आणि मेला काय, त्याला ऐकू येत नाही. आणि आमची पोरं त्या ट्रॉल्यांमागे धावून ऊस ओढतात. ज्यांच्या घरी चार एकर ऊस उभा आहे, ती पोरंसुद्धा ओढतात.

सरांनी शाळेसमोर गतिरोधक व्हावा म्हणून अर्ज केला. वरून उत्तर आलं की, शाळा सुट्टीत बंद असल्याने त्या काळात गतिरोधकाची निकड दिसत नाही. सर ते उत्तर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. मी तिथेच होते.

"शाळा चालू असते तेव्हा पोरं वर्गात असतात," सर म्हणाले. "रस्त्यावर असतात ती सुट्टीतच."

"सुट्टीत पोरं पालकांची, सर. आपली नव्हेत."

"म्हणजे सुट्टी संपल्यावर जेवढी परत येतील, तेवढीच आपली?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. हे काम ते फार सावकाश करत.

शेवटी निवडणूक आली आणि जे अर्जांनी झालं नाही ते मतांनी झालं. ब्रेकर झाला. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आबा यांच्या प्रयत्नांना यश आल्याचा फलक लागला, आबांनी नारळ फोडला. रस्त्याने धावणाऱ्या ट्रॅक्टरांतले निम्मे आबांचेच. सर गर्दीत मागे उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी त्यांनी कुणालाही समजा विचारलं नाही.

मग हंगाम सुरू झाला, आणि जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. पहिली ट्रॉली ब्रेकरपाशी आली, हळू झाली, आणि चारी बाजूंनी पोरं तुटून पडली. पूर्वी धावत्या ट्रॉलीमागे चार-दोन दांडगी पोरं लागत. आता ट्रॉली स्वतःच थांबल्यासारखी होते म्हटल्यावर बालवाडीतलीसुद्धा आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली सायकलवर डबलसीट आली. सर माझ्या ओट्यावर चहा घेत होते. कप तसाच हातात धरून ते बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही जागा पोरांना मी करून दिली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही पोरं जगावीत म्हणून केलंत." ते ऐकायला थांबले नाहीत. घरी गेले आणि खुर्ची घेऊन आले.

तेव्हापासून ते बसतात. विकतचा ऊस आणतात, सोलतात, कांड्या करून पोरांना वाटतात, म्हणजे कुणी ट्रॉलीला हात लावू नये. एकदा चौथीतल्या एका कार्ट्यानं कांडी परत दिली.

"का रे? किडका आहे?"

"न्हाई सर, ग्वाड हाय. पण वढून घेतलेला लय ग्वाड लागतो."

सरांनी त्याच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला वाटलं आता शंभरपैकी शंभर देतात. मग त्यांनी कांडी मोळीत खुपसली आणि म्हणाले, "घे, ओढ. जोर लाव." पोरानं ओढली. त्या दिवसापासून मोळी घट्ट बांधून ठेवायची आणि पोरांनी ती ओढायची, असा बेत सुरू झाला. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटे, मास्तरचं डोकं फिरलंय.

आबांना मात्र हे खुपू लागलं. एकदा गाडी थांबवून ते म्हणाले, "सर, तुमी हितं असं बसता, लोकास्नी वाटतंय आमच्या ट्रॉल्या पोरं मारत्यात."

"आबा, निदान वळणापुरती गाणी बंद ठेवायला सांगा."

"गाणी बंद क्येली तर डायवर झोपंल की वो!"

"समजा..."

"समजा-बिमजा वर्गात, सर. रस्ता सरकारचा हाय."

असे काही हंगाम गेले. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून सगळ्यांची खात्री झाली की सर उगाच बसतात.

दर भाऊबीजेला सुमनताईचा फोन यायचा आणि सर म्हणायचे, पुढच्या वर्षी. मग एका वर्षी तिचं ऑपरेशन झालं होतं आणि ती फोनवर रडली. सरांनी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, एक दिवस कुणी ब्रेकरवर बसेल का? ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. "जावा सर, आमी हाय की." "बिनधास्त जावा." मुख्याध्यापकांनी त्याखाली 'निरोगी दिवाळी, सुरक्षित दिवाळी' असं शाळेच्या नावाचं रंगीत चित्र टाकलं. मी त्या दिवशी माहेरी सांगलीला जाणार होते आणि तसं मी सरांना सांगितलं होतं. म्हणून आज मला बोलायला तोंड आहे, एवढंच.

अंगठा देणाऱ्यांपैकी एकही आला नाही. रिकामी खुर्ची दिवसभर उन्हात होती.

दुपारी पाचवीतला सोहम दोन ट्रॉल्यांच्या मधे घुसला आणि मागच्या ट्रॉलीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. ट्रॉली आबांची. गाणी चालू होती. कऱ्हाडला पट्टी बांधली आणि सांगितलं, पाय वाचवायचा असेल तर मिरजेला न्या.

सर मिरजेतच होते. फोन आला तेव्हा सुमनताईनं नुकतंच ओवाळलं होतं. निरोप कळल्यावर मी सांगलीहून रिक्षानं मिरजेच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा ते फाटकात उभे होते. अंगात नवा सदरा, डोक्यावर अक्षता, कपाळाला कुंकवाचा ठसठशीत टिळा. पुसायचं भान राहिलं नव्हतं. सोहमला घेऊन गाडी आली तेव्हा ते स्ट्रेचर धरायला धावले.

सोहमचा बाप फौजी. दिवाळीची सुट्टी घेऊन दोनच दिवसांपूर्वी आलेला. पोराला आत नेल्यावर त्यानं सरांच्या कपाळाकडे बघितलं.

"ववाळून घ्याय आला व्हता व्हय?" तो म्हणाला. "ड्यूटीवरचा माणूस पोस्ट सोडून जातो का, सर? सांगा की. जातो का?"

त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की, ही ड्यूटी यांना कुणी दिली नव्हती. पगार नव्हता, हुकूम नव्हता. मी तोंड उघडलं, पण सरांनी मला हातानं थांबवलं.

"नाही जात," ते म्हणाले. "चुकलं."

पाय वाचला. बोटं गेली. गावात आठ दिवस चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं की चूक सरांची. कुणी म्हणालं, ब्रेकर त्यांनीच मागितला. कुणी म्हणालं, उसाची चटक त्यांनीच लावली. ड्रायव्हरचं नाव कुणी काढलं नाही. आबांचं तर नाहीच नाही. आबांनी फौजीच्या घरी जाऊन प्रकरण आपसात मिटवलं. ते काय बोलले, मला ठाऊक नाही. शाळा उघडल्यावर 'सुट्टीतील आरोग्य व सुरक्षितता' असा कार्यक्रम ठेवला गेला. प्रमुख पाहुणे आबा. त्यांनी पोरांना सांगितलं की जिवापेक्षा मोठं काही नाही. सोहम पहिल्या ओळीत कुबडी घेऊन बसला होता. आभार मानायचं काम सरांकडे दिलं होतं. सर उठले, माईकपाशी गेले, म्हणाले, "समजा..." आणि सोहमकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

आता सर निवृत्त आहेत, म्हणजे बाराही महिने सुट्टी. हंगाम असेल तेव्हा ते ब्रेकरवर असतात. रविवार नाही, सण नाही. गेल्या दिवाळीत ताप अंगात असताना बसले होते. मी रागावले तर म्हणाले, "समजा, मी आत जाऊन पडलो..." हल्ली त्यांची बरीच वाक्यं अशीच अर्धी राहतात. भाऊबीजेचा फोन येतो, तेव्हा ते सुमनताईला "पुढच्या वर्षी" असंसुद्धा म्हणत नाहीत. नुसतं "बघ तू तुझं" म्हणतात.

म्हणून गेल्या भाऊबीजेला तीच आली. एसटीतून उतरली, गुडघ्यावर हात टेकत ब्रेकरपर्यंत चालत आली. पिशवीतून ताट काढलं, निरांजन काढलं. पाट नव्हता, सर खुर्चीवरच बसले. मी ओट्यावरून काडेपेटी घेऊन धावले. ज्योत लावली की शेजारून ट्रॉली जायची आणि ती विझायची. सुमनताईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. सर तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. ती ओवाळत असतानाच त्यांनी शिट्टी फुंकली, समोरची दोन पोरं मागं सरली, आणि ती न थांबता ओवाळत राहिली.

मग तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप होता.

"दादा," ती म्हणाली, "समजा, तुलाच हितं काय झालं. तुला कोण बघणार हाय रं?"

पोरांना मारणारे, जगवणारे, प्रत्येक समजाचं उत्तर पाठ असलेले सर तिच्याकडे बघत राहिले. वळणावर कर्ण्याची गाणी ऐकू आली.

"बाजूला हो, सुमे," ते म्हणाले. "ट्रॉली येतीय."