हेमाताईंच्या नावाचा फॉर्म

हॉटेलांमधलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं हॉटेलवाल्यांनाही कळत नाही, असं श्रीनिवासराव दातारांचं ठाम मत होतं! नोकरीत असताना मीटिंगांच्या निमित्ताने ते चारदा पंचतारांकित हॉटेलात उतरले होते आणि तिथून आणलेले साबण नारायण पेठेतल्या घरात दोन वर्षं पुरले होते.

त्यामुळे लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलीने, वल्लरीने, पाषाणच्या टेकडीमागच्या एका खासगी रिसॉर्टमध्ये दोन दिवस बुक केले तेव्हा ते म्हणाले, "पंचतारांकितपेक्षा वेगळं काय असणार तिथे? साबण मोठा?"

"बाबा, हॉटेलात मागितलं की मिळतं. इथे मागावंच लागत नाही! सहाच बंगले आहेत, आणि प्रत्येकाची आवडनिवड आधीच लिहून घेतात. हे दोन फॉर्म. आईचा आईलाच भरू दे हं!"

हेमाताई भाजी आणायला गेल्या होत्या. "तिला कशाला त्रास? चाळीस वर्षं ओळखतो मी तिला!" असं म्हणत श्रीनिवासरावांनी दोन्ही फॉर्म दहा मिनिटांत हातावेगळे केले.

हेमाताई मात्र हरखून गेल्या होत्या. आयुष्यभर सगळ्यांच्या मनासारखं केलं, आता दोन दिवस कोणीतरी आपल्या मनासारखं करणार! एवढ्यासाठी त्यांनी ठेवणीतली इरकल काढली.

बंगल्यात पाऊल टाकताच बार्शीकडचा उत्तरेश्वर नावाचा बटलर अदबीने पुढे आला. "मॅडम, आपला आवडता बिनसाखरेचा आल्याचा चहा!"

हेमाताईंनी कपाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

जेवायला कारल्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी. मॅडमना वारा सोसत नाही म्हणून खिडक्या बंद. मॅडमना आवडतं म्हणून नाट्यसंगीत सुरू. आणि दुपारी एक वाजता मॅडमच्या झोपेसाठी पडदे ओढून काळोख! श्रीनिवासराव घोरू लागले आणि हेमाताई छताकडे बघत बसल्या.

चार वाजता त्यांनी विचारलं, "अहो, माझं हे सगळं यांना कोणी सांगितलं?"

"त्यांना आपोआप कळतं! तेच तर वैशिष्ट्य!" असं म्हणून श्रीनिवासराव बाहेर सटकले आणि त्यांनी उत्तरेश्वरला गाठलं. "अहो, ते मॅडमचं जरा बदला. त्यांना आवडेल ते द्या."

"सांगा की सर. काय आवडतं मॅडमना?"

श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हेमा आधी सगळ्यांना वाढते. नंतर ती काय खाते, किती खाते, हे पाहायला आपण कधी थांबलोच नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

"रागावू नका सर," उत्तरेश्वर म्हणाला, "पण सकाळपासून मॅडमनी तीनदा खिडकी उघडून पाहिली. पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसल्या. आणि कॉफी मिळंल का म्हणून हळूच विचारलं मला."

सकाळपासूनच्या ओळखीत एवढं! श्रीनिवासराव कोरा फॉर्म घेऊन परत आले. "हेमा, दोन्ही फॉर्म मीच भरले होते."

"ते पहिल्या घोटालाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तोच चहा चाळीस वर्षं पितेय. आज काय नवं बोलायचं?"

श्रीनिवासरावांनी कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "आता तू भर," ते म्हणाले. "लिहिशील ते सगळं मान्य!"

हेमाताईंनी फॉर्म दोन्ही बाजूंनी भरला आणि वर एक पुरवणी मागून घेतली! संध्याकाळी त्या तलावात उतरल्या आणि सरसर पोहत पलीकडे गेल्या. वाईचं माहेर त्यांचं, कृष्णेत शिकलेल्या. श्रीनिवासराव काठावर आ वासून उभे राहिले. हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी हेमाताईंसमोर वाफाळती कॉफी आली. श्रीनिवासरावांसमोर काहीच नाही.

"आणि माझा चहा?"

"मॅडमनी पुरवणीत लिहिलंय सर. सरांनी चहा स्वतः करायचा, मॅडमच्या समोर. आणि मदत कोणी करायची नाही."

मान्य तर केलंच होतं! श्रीनिवासराव बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरले. पातेलं सापडलं, आलं सापडलं, शेगडी काही सापडेना. ओट्यावर नुसती काळी गुळगुळीत काच! शेवटी तिच्यावरच हात टेकून ते ओरडले, "अहो उत्तरेश्वर, इतकं भारी रिसॉर्ट आणि साधी शेगडी नाही?"

उत्तरेश्वरने हेमाताईंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच परवानगी दिली.

"सर, हात ठेवलाय तीच शेगडी!"

हेमाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चाळीस वर्षांत तिला इतकं आवडेल असं काहीतरी अखेर आपल्या हातून घडलं, याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मात्र श्रीनिवासरावांना अजून ठरवता आलेलं नाही.