तोल शिकवणारं खोगीर

तोल या विषयात माझ्याशी कोणी वाद घालू नये, असं मी माझ्या शिष्यांना पहिल्याच दिवशी बजावून टाकतो. बावीस वर्षं मी लोकांना घोड्यावर बसायला शिकवतोय. समोरून चालत येणारा माणूस उद्या कुठल्या बाजूला पडणार, हे मी त्याच्या खांद्यांवरून सांगतो. त्यामुळे स्वाराचा तोल सुधारणाऱ्या खोगिराचं माहितीपत्रक हाती पडलं, तेव्हा मी ते तीनदा वाचलं आणि खोगीर मागवून मोकळा झालो!

मागवलं मात्र बायकोसाठी. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली स्वार, हे मी घरात कबूल करत नाही, तुम्हाला म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी उडी घेताना ती पडली आणि हात मोडला. हात जुळून आला, भीती काही जाईना. रोज सकाळी मैदानावर येते, घोड्यांना खरारा करते, सगळ्यांदेखत माझ्या चुका काढते. मग घोडी मोकळी दिसली की डावा पाय रिकिबीत ठेवते, जरा थांबते आणि काढून घेते. "आज नको," म्हणते.  ही पुन्हा घोड्यावर बसावी, एवढंच मला हवं होतं.

या खोगिराच्या बैठकीखाली खास उशा होत्या. स्वार जरा कलला की खोगीर आणखी कलणार, आणि स्वार झक मारत सरळ बसणार, अशी ती युक्ती. आधी इतरांवर प्रयोग करायचा, बायकोला खात्री पटवायची आणि मग तिला बसवायचं, असा माझा बेत होता.

रविवारी सकाळी मी खोकं उघडलं, तेव्हा मोठ्यांच्या तुकडीतले तिघेही हजर होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने खोगीर दाबून पाहिलं. "हलतंय की हे. हलणारी गोष्ट आम्ही काढून टाकतो."

पेन्शनीत निघालेल्या पोस्टमास्तरांनी किंमत वाचली. "सर, एवढ्यात अख्खा घोडा आला असता. तो खोगिराशिवायही चालला असता."

शिंपीकाकांनी खोगीर उलटं करून टाके तपासले. "शिलाई सुरेख आहे. पण शिवणाऱ्याने जन्मात घोडा पाहिलेला नाही."

बायको कुंपणाला रेलून, हाताची घडी घालून उभी होती. तिने अजून माझी एकही चूक काढली नव्हती. मला ते शुभलक्षण वाटलं.

आमची सगळ्यात शांत घोडी म्हणजे बाईसाहेब. तिच्या पाठीवर मी खोगीर चढवलं, पोटाखालचा पट्टा आवळला आणि माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. 'सुरुवातीला आपण घसरत आहोत असे वाटेल. घाबरू नये. खोगीर आपले काम करीत आहे.'

पहिले चढले पोस्टमास्तर. अर्धी फेरी झाली आणि भिंतीवरची तसबीर तिरकी व्हावी तसे ते हळूहळू तिरके होऊ लागले.

"सर, मी डावीकडे चाललोय."

"खोगीर तुमचा दोष दाखवतंय! जन्मभर डाव्या खांद्यावर टपालाची पिशवी वाहिलीत."

"मी पोस्टमास्तर होतो, पोस्टमन नव्हे. मी खुर्चीत बसायचो."

"मग खुर्चीचा पाय आखूड असणार."

यावर काही बोलायच्या आत पोस्टमास्तर वाळूत उतरले. उतरले म्हणजे पडलेच, पण फार सभ्यपणे पडले.

डॉक्टरीणबाईही डावीकडेच गेल्या. "रुग्णावर डावीकडून वाकता ना, त्याचा परिणाम," मी म्हणालो.

"मी उजवीकडून वाकते."

"तेच! शरीर आता त्याची भरपाई करतंय."

शिंपीकाका चढण्याआधी घुटमळले. "सर, हे कमरेत ढिलं वाटतंय. जरा आत घ्यायला हवं."

"काका, ते झबल्यांना. इथे शास्त्र आहे."

काका चढले. चौथ्या पावलाला ते घोडीच्या डाव्या कुशीला बिलगून लटकत होते. "यात माझा काय दोष?" त्यांनी तिथूनच विचारलं. मी म्हटलं, मनात गोंधळ असला की असं होतं.

माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. तिघांचीही तोंडं उतरली. डॉक्टरीणबाई, तोल राखणाऱ्या आपल्या आतल्या कानात काही बिघाड झालाय का, याचा विचार करू लागल्या. शिंपीकाका कुंपणाच्या सावलीच्या रेघेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालून पाहू लागले. पोस्टमास्तरही त्यांच्या मागे लागले, आणि चक्क झोकांडी गेली त्यांची! शिरस्त्राण काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"सर, मी उद्यापासून येत नाही. या वयात तोल गेला तो गेला."

तेवढ्यात बायको कुंपण ओलांडून आत आली. तिचा चेहरा पाहून मी माहितीपत्रक पाठीमागे लपवलं.

"एक माणूस दोन वर्षं घाबरून बसलंय, ते पुरे नाही का?" ती म्हणाली. "आणखी तिघांना कशाला घाबरवताय?"

तिने घोडीच्या पोटाखालच्या पट्ट्यात हात घातला. दोन बोटं जायला हवीत, तिथे मनगटापर्यंत हात आत गेला.

"अहो, हे काय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पट्टा आवळताना बाईसाहेब पोट फुगवते. बरेच घोडे फुगवतात. म्हणून चार पावलं चालवून पट्टा पुन्हा आवळायचा असतो, नाहीतर डावीकडून चढताना खोगीर डावीकडे फिरतं. आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीच शिकवतो.

बायकोने पट्टा तीन भोकं वर घेतला. "चढा पोस्टमास्तर."

"नको हो. माझा तोल गेलाय."

डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरल्या. शिंपीकाका आधीच कुंपणापलीकडे पोचले होते.

"कुणाचाही तोलबिल गेलेला नाही! हे बघा," असं म्हणत तिने डावा पाय रिकिबीत ठेवला आणि रागारागात वर चढून बसली.

आम्ही चौघे पुतळ्यासारखे उभे राहिलो. कोणी शिंकायलाही तयार नव्हतं. ती दुडक्या चालीने निघाली, एका हाताने आम्हाला समजावत. "दिसतंय ना? सरळ बसलं की सरळच राहतं. यात शास्त्र कसलं डोंबलाचं?"

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला तिचं बोलणं थांबलं. घोडीही थांबली. आपण कुठे बसलोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तिचा हात घोडीच्या आयाळीवर गेला. आता उतरते, असं वाटून मी दोन पावलं पुढे झालो. तिने रिकिबीतला पाय जरा सैल केला आणि पुन्हा घट्ट रोवला. मग खाली वाकून घोडीला म्हणाली, "चल गं."

ती अख्खी फेरी घालून आली. मग दुसरी. मग तिसरी. मी रडलो. डोळ्यात वाळू गेली वगैरे थापा मारत नाही, सरळ रडलो. डॉक्टरीणबाईंनी खिशातला कापूस पुढे केला.

ती आमच्यापुढे येऊन थांबली, तेव्हा मी नाक पुसत म्हणालो, "बघ, शेवटी या खोगिरानेच..."

"हे होडीसारखं डुलतंय. परत करून टाका," ती म्हणाली. ती हसत होती, आणि हे हसू मी दोन वर्षांनी पाहत होतो. "उद्यापासून मी रोज बसणार आहे. माझं जुनं खोगीर पुसून ठेवा."

मी हो म्हणालो. नवं आलं की जुनं कशाला लागतंय, अशा विचाराने मी ते गेल्याच महिन्यात गुपचूप विकलं होतं. ते घेतलं होतं पोस्टमास्तरांनी; आता परत देतील, या आशेने मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं शिरस्त्राण काढून घेतलं आणि नीट डोक्यावर बसवलं. त्यांचा तोल परत आला होता.