आईचा डोळा लागेल तिथे

पानं बघायच्या सहली कशा आखाव्यात हे मला कुणी शिकवू नये! उंचावरची झाडं आधी रंगतात, खोऱ्यातली नंतर. उत्तरेची आधी, दक्षिणेची नंतर. एवढं कळलं की उरतो तो नकाशा आणि हवामानाचा अंदाज, आणि मी काम करते ग्रंथालयात. नकाशांना आमच्याकडे तोटा नाही. ऑक्टोबर लागताच मी एका नकाशावर तीन रंगांनी तीन सहली आखल्या, तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आईला म्हणाले, "तीन सहली, एक फोटो. झालं काम!"

आईने नकाशावरची मिठाची बाटली उचलून बाजूला ठेवली. "तुझे बाबा नकाशा घेऊन जात नसत."

"म्हणून तर ते झाड कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही!"

ते झाड म्हणजे बाबांचं झाड. बाबा, म्हणजे डॉक्टर लूसियन पेल्की, आमच्या व्हरमाँटच्या या कोपऱ्यातले गुरांचे डॉक्टर. दर वर्षी पानं रंगली की ते एका मेपलचा फोटो काढून आणत. झाड एवढं लाल, की बघणाऱ्याने आधी पाण्याची बादली शोधावी! खाली दगडी बांध, मागे एका कोठाराच्या छपराचा कोपरा. तो फोटो चर्चच्या सभागृहात, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला लागायचा आणि मगच आमचं चिकन पाईचं, म्हणजे चिकनवर पिठाचं आवरण घालून भाजतात त्या पदार्थाचं, वार्षिक जेवण सुरू व्हायचं. जागा मात्र बाबांनी कधी सांगितली नाही. दगडी बांध आणि कोठारं तर आमच्याकडे पावलोपावली. ओळखणार कशावरून?

बाबा मार्चमध्ये गेले. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता, तेव्हा.

सप्टेंबरात, चर्चचं जेवण सांभाळणाऱ्या स्टॉडर्डबाईंनी आईला हळूच विचारलं, "रोझली, तो खिळा काढून टाकू का?" आई म्हणाली, राहू दे. घरी आल्यावर मला म्हणाली, "पाईवरचं आवरण मी करून पाठवीन. पण या वर्षी तिथे बसणार नाही. त्या रिकाम्या खिळ्याखाली मला जेवण जायचं नाही."

आईशिवाय ते जेवण म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. मी फक्त म्हणाले, "फोटो मी आणते." आणि नकाशा काढला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पानं बघायला आमच्याकडे बाहेरून माणसं येतात. बॉस्टनहून, न्यू जर्सीहून, बसगाड्या भरभरून. त्यांना आम्ही म्हणतो पानबघे. आम्ही इथली माणसं पानं बघायला जात नाही. छे! आम्ही सफरचंदं आणायला जातो. कुणाची करवत परत करायला जातो. आणि वाटेत पानं असली तर त्याला आमचा इलाज नसतो. बाबा जायचे ते गाय तपासायला. कॅमेरा घेऊन!

पहिल्या सहलीला आम्ही तिघं निघालो. मी, आई आणि आर्मांडकाका, बाबांचे धाकटे भाऊ. काका मेपलचा पाक काढतात, त्यामुळे झाड म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचा. उत्तरेचा डोंगर गाठला तर असं धुकं की गाडीचं नाक दिसेना. तरी मी जिद्दीने फोटो काढला.

काकांनी तो निरखून पाहिला. "छान आलंय. दूध आहे ना?"

दुसऱ्या सहलीला लख्ख ऊन होतं. पण आदल्या दिवशी वारा येऊन गेला होता आणि डोंगरावरची झाडं उलट्या खराट्यांसारखी उभी होती.

"वहिनी, तुम्ही तर दर वर्षी त्याच्याबरोबर जायचात," काका वैतागून म्हणाले. "काहीतरी आठवत असेल की!"

"भावजी, मी तेवढ्यात झोपलेली असायचे," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "हे म्हणायचेच, रोझली, तुझा डोळा लागला की मी झाडाकडे वळतो, म्हणजे तुझ्या बहिणीपर्यंत पत्ता पोचायला नको. जाग यायची तेव्हा गाडी कुठल्याशा बांधाआड थांबलेली आणि हे फोटो काढून परत येताना दिसायचे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! नकाशा गेला खड्ड्यात. आई हाच नकाशा! तिला गाडीत बसवायचं, बाबांच्या नेहमीच्या रस्त्यांवर फिरवायचं आणि जिथे तिचा डोळा लागेल तिथे झाड शोधायचं.

शनिवारी, म्हणजे जेवणाच्या दिवशीच, मी बाबांची गाडी काढली. हीटर लावला. मागच्या सीटवर काकांशेजारी बसलेल्या आईच्या गुडघ्यांवर बाबांची चौकटीची शाल टाकली. हातात सफरचंदाच्या रसाचं गरम सायडर आणि सायडरचेच डोनट दिले. रेडिओवर बेसबॉलचा सामना लावला, कारण त्याने हत्तीही झोपेल. आणि निघाले.

थोड्याच वेळात मागून घोरण्याचा आवाज आला. मी आनंदाने करकचून ब्रेक दाबला!

"काय झालं? काय झालं?" आर्मांडकाका दचकून उठले.

आई टक्क जागी होती. काकांचा डोनटही तिनेच संपवला होता.

"आई, झोप ना गं!"

"कशी झोपू? दर वळणावर ब्रेक, दर चढावर ब्रेक. शिलाई मशीनवर बसल्यासारखं वाटतंय!"

दुपारपर्यंत आम्ही परगण्यातले जवळजवळ सगळे कच्चे रस्ते तुडवले. काका तीनदा झोपले, आई एकदाही नाही. शेवटी पेट्रोल भरायला गावच्या चौकातल्या दुकानापाशी थांबलो, तर शेजारी एक लांबलचक बसगाडी येऊन उभी राहिली. आत काचेला नाकं लावून पानबघे.

चालकाने मान बाहेर काढली. "बाई, इकडे चांगली पानं कुठे बघायला मिळतील?"

आता इथल्या माणसाला हा प्रश्न विचारला की काय होतं, ते सांगते. तोंड आपोआप चालू होतं. त्यात आपला काही हात नसतो.

"टॅनरी रोडने जा," मी गोड आवाजात म्हणाले. "पूल ओलांडा आणि सरळ चढावर. विसरणार नाही असं दृश्य आहे!"

टॅनरी रोडवर एव्हरेट कोलबर्नचा गोठा आणि खड्डे याखेरीज काही असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण मागच्या सीटवरून आईने मान बाहेर काढली आणि अगदी भाविक चेहऱ्याने भर घातली, "फारच सुंदर. आम्ही दर वर्षी जातो."

बस धूळ उडवत गेली. काका गुडघ्यावर थापा मारून हसायला लागले. मी हसले. आणि मग आई हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शालीचं टोक तोंडाशी धरून. मार्चपासून ती हसली नव्हती. म्हटलं, फोटो मिळो न मिळो, या बसचे उपकार झाले.

उपकार फार टिकले नाहीत. काकांचा फोन वाजला. एव्हरेट कोलबर्नचा आवाज फोनबाहेर गाडीभर ऐकू येत होता.

"आर्मांड! कुठल्या गाढवाने पानबघ्यांची बस माझ्या रस्त्यावर पाठवली रे? वळणावर चरात रुतलीय! माझा ट्रॅक्टर आहे, पण साखळी तुटली. तुझी घेऊन ये!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "गाढवच आपल्याला घेऊन येतंय," ते फोनमध्ये म्हणाले.

साखळी काकांच्या घरून उचलली आणि मी जी गाडी सोडली! उजेड चालला होता, जेवणाची वेळ होत आली होती, फोटो नव्हता आणि वर ही बस. पुलावरून तर मी गाडी उडवलीच. एका हातात चाक, दुसऱ्या हाताने मी कपाळ बडवत होते. ब्रेक नावाची वस्तू गाडीत असते हेच विसरले. चढ संपता संपता आरशात नजर गेली.

आईची मान मागे टेकलेली. डोळे मिटलेले.

"काका!" मी कुजबुजले. "झोपली!"

"पुढे बघ!" काका किंचाळले.

मी पुढे बघितलं. वळण संपलं आणि समोर ते झाड.

दगडी बांध. कोठाराच्या छपराचा कोपरा. वर लाल, नुसतं लाल! आणि त्याच्या पुढ्यात, बरोब्बर मध्यभागी, चरात एक चाक घालून तिरकी झालेली बस. आणि झाडाखाली पिवळे, हिरवे, जांभळे रेनकोट घातलेले बसभर लोक, देवदर्शनाला आल्यासारखे माना वर करून उभे.

एव्हरेट ट्रॅक्टरला टेकून उभा होता. "लूसियनचं झाड," तो म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला येऊ देत नसे. दर वर्षी यायचा, माझी गाय तपासायला."

"कसली गाय?" काका म्हणाले. "तू तर गुरं केव्हाच विकलीस!"

"विकली," एव्हरेट म्हणाला. "पण त्याला सांगणार कोण? यायचा, चहा घ्यायचा, रिकामा गोठा बघून म्हणायचा, प्रकृती उत्तम आहे."

मी कॅमेरा शोधण्यात बराच वेळ घालवला. तो गळ्यातच होता.

"जरा बाजूला होता का?" मी पानबघ्यांना ओरडून विनवलं. "एक फोटो काढायचाय!"

त्यांनी कॅमेरा पाहिला आणि सगळे आनंदाने जवळ जवळ सरकले! उंच माणसं मागे, बुटकी पुढे. एक आजी तर दगडी बांधावर चढून बसल्या.

"नाही, नाही! तुमचा नाही, झाडाचा!"

"घ्या, घ्या! आम्ही हसतोय!"

तेवढ्यात वारा आला. डोंगरावरून असा आला की सगळं झाड एकदम सुटलं. मी काही ठरवलं नाही, बोटाने आपलं आपण बटण दाबलं. पुढच्या क्षणी पानं सगळ्यांच्या रेनकोटांवर, बसवर, एव्हरेटच्या टोपीत. फांद्या अर्ध्या मोकळ्या. पुन्हा फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई गाडीतून उतरून आली होती. तिने झाडाकडे बघितलं, बराच वेळ. मग कुडकुडणाऱ्या लोकांकडे.

"बस निघेपर्यंत गारठतील ही माणसं," ती म्हणाली. "भावजी, आटपा लवकर. यांना चर्चमध्ये जेवायला नेऊ."

"आई! पाई पुरणार नाहीत!"

"म्हणून तर मला जायला हवं. आवरण तिथेच आणखी लाटते."

स्टॉडर्डबाईंनी बस बघितली आणि त्यांच्या हातातला बटाट्याच्या लगद्याचा डाव खाली पडला. पण आईने बाह्या वर केल्या होत्या. बांधावरच्या आजी भोपळा किसायला बसल्या, बसचालकाने खुर्च्या मांडल्या आणि शेवटच्या पंगतीला चिकन कमी आणि आवरणच जास्त होतं, पण कुणी तक्रार केली नाही. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या यंत्रावर फोटो छापून आणला आणि खिळ्याला लावला.

फोटोत बस आहे. रेनकोट आहेत. साखळी अडकवायला वाकलेल्या आर्मांडकाकांची पाठ आहे. पाठ हे मी सभ्यपणे म्हणतेय. आणि या सगळ्यावर हवेत थांबलेली लाल पानं.

आई ताट घेऊन बरोबर त्याच्या खाली बसली. "झाड कुठाय?"

"बसच्या मागे."

ती जेवू लागली. मला राहवेना म्हणून मी म्हणाले, "पण शोधलं ना मी? तुझा डोळा लागला आणि झाड आलं!"

"डोळा लागला?" आईने काटा खाली ठेवला. "मी त्या वळणावर जन्मात कधी झोपले नाही! तुझे बाबा एका हाताने गाडी हाकायचे आणि बघायचे पानांकडे. जाताना-येताना मी डोळे मिटून देवाचा धावा करायचे, रस्ता कुठला दिसायला? त्यांना वाटायचं झोपली, वाटू दिलं." तिने फोटोकडे एकदा मान वर करून बघितलं. "आज तू अगदी त्यांच्यासारखी चालवलीस."

मी ते कौतुक समजून ठेवून घेतलं आहे.

घरी जाताना मात्र गाडी आईने चालवली.