लंकाबाईचा रक्तदाब आणि माझा शोधनिबंध

शेजारच्या लंकाबाईला तिच्या भावाने, बिभीषणने, स्वतःचं मूत्रपिंड दिलं, ही घटना माझ्या संशोधनाच्या दृष्टीने अत्यंत सोयीची ठरली.

नव्वदच्या दशकात मी संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. परकं मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन नावाचं औषध देतात. त्याने रक्तवाहिन्यांच्या पेशींत कॅल्शियम जास्त उसळतं, वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. यावर मी शोधनिबंध लिहिला होता. ती पेशी मी कधी पाहिली नव्हती; पण मी ज्यांचं वाचून लिहिलं, त्यांनी पाहिली असावी.

एका सकाळी लंकाबाई आली. ती तेच औषध घेत होती.

"सर, डोकं लई ठणकतंय. डोळ्यापुढं अंधारी येती."

मला अतोनात आनंद झाला. तिला दवाखान्यात धाडायचं सोडून मी पाटीवर पेशी काढून दाखवली आणि दुपारच्या चर्चासत्राचं आमंत्रण दिलं. प्रत्यक्ष पुरावा म्हणून.

सभागृहात टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. लंकाबाईसोबत आलेला बिभीषण म्हणाला, "आधी हिचं बीपी बघा की!"

"यंत्राचं पूजन व्हायचंय," प्राचार्य राधाकृष्ण गंभीरपणे म्हणाले. "प्रमुख पाहुणे राहुरीहून निघालेत."

पाहुणे आले. पूजन झालं, स्वागतगीत झालं. शाल-श्रीफळ देऊन लंकाबाईचा सत्कार झाला. मी निबंध वाचू लागलो. 'वाहिन्या आकसतात' या वाक्याला ती खुर्चीवरून कोसळली.

"पाहा!" मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आवो, पेशी ऱ्हाऊ द्या तुमच्या! माजी बहीण मरायला लागली हाय!" बिभीषणने तिला उचललं आणि बाहेरच्या टेम्पोत घातलं. माझे पाय त्यांच्यामागे जायला निघाले होते. पण अध्यक्षस्थानी बसलेल्या प्राचार्यांनी हातानेच 'चालू द्या' असं खुणावलं आणि पायांनी शिस्त पाळली.

निबंध संपला. प्रश्नांना उधाण आलं. कॅल्शियम पेशीत बाहेरून शिरतं की आतल्याच साठ्यातून सुटतं, यावर दोन प्राध्यापकांची जुंपली. बाईचं काय झालं, हे कोणीच विचारलं नाही.

ती वाचली. दवाखान्यातून, मूत्रपिंड बसवणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन गेला, औषधाचं प्रमाण बदललं. बिभीषण अजून माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही तरी बाईचं विचारणारच होतात, वाचकहो, याची मला खात्री आहे. आधी कॅल्शियमचं तेवढं नीट कळू द्यावं, म्हणून थांबला असाल.